परसातला तह

(वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



आजचा विषय मी आयोजकांकडे मागून घेतला. पशुवैद्य म्हणून माझी सगळी नोकरी कोकणात झाली, आणि दर उन्हाळ्यात एक प्रश्न माझ्याकडे हमखास यायचा. गाय-बैल दाखवायला आलेला माणूस दवाखान्यातून निघता निघता विचारायचा, "डॉक्टर, घरात मांजर आहे. कोंबड्या पाळू की नको?" दुसरा एखादा रागाने यायचा. "मांजराने पिल्लं नेली. काय करू आता त्याचं?" पहिल्याला उत्तर देणं सोपं होतं. दुसऱ्याच्या प्रश्नात एक जीव अडकलेला असायचा. आपल्याकडे त्या 'काय करू'चं उत्तर आधीच ठरलेलं असतं: मांजर गोणीत भरायचं आणि खाडीपलीकडे सोडून यायचं.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं कशासाठी आहे ते कळेल. पूर्ण वाढलेली कोंबडी आणि घरचं मांजर एका परसात व्यवस्थित नांदतात. मांजर प्रेमळ असतं म्हणून हे घडत नाही. हा तह कोंबडी आपल्या चोचीने करून घेते. मात्र तो फक्त उजेडात चालतो, आणि आई नसलेल्या पिल्लांना तो लागूच होत नाही. या दोन जागा माणसाने राखायच्या असतात. त्या राखल्या नाहीत की पिल्लू जातं, आणि त्यामागून मांजरही जातं.

हे दोन्ही प्राणी माणसाकडे कसे आले ते थोडक्यात पाहू. मांजराचा पूर्वज म्हणजे पश्चिम आशियातलं आणि आफ्रिकेतलं रानमांजर. शेती सुरू झाली, धान्य साठू लागलं, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची एक कबर सापडली आहे. त्यात माणसाशेजारी मांजर पुरलेलं आहे. त्या बेटावर मूळची मांजरं नव्हती, म्हणजे कुणीतरी ते नावेतून नेलं होतं. कोंबडीचा पूर्वज आग्नेय आशियातला लाल रानकोंबडा. थायलंडमधल्या बान नॉन वाट इथे पाळीव कोंबडीची जी हाडं मिळाली, ती इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० या काळातली आहेत. संशोधकांचं म्हणणं असं, की भात आणि बाजरीवर्गीय पिकांची शेती वाढली, दाणे सांडू लागले आणि ते टिपायला रानकोंबड्या जंगलाच्या कडेने वस्तीत आल्या. म्हणजे एकीला दाण्याने आणलं आणि दुसरीला दाणा खाणाऱ्या उंदराने. दोघी एकाच कणगीच्या आश्रयाला आल्या. आपल्या सह्याद्रीचाही यात वाटा आहे. कोंबडीच्या कातडीला पिवळा रंग देणारं जनुक लाल रानकोंबड्याकडून आलेलं नाही. ते आपल्याकडच्या राखी रानकोंबड्याकडून आलं, हे २००८ साली सिद्ध झालं. घाटात पहाटे जो ओरडतो, तो आपल्या परसातल्या कोंबडीचा नातेवाईक आहे.

आता मांजराची शिकारीची पद्धत बघू. मांजर एकट्याने शिकार करतं, आणि एकट्याने शिकार करणारा प्राणी जखमी व्हायला घाबरतो. त्याच्यामागे कळप नसतो. डोळा गेला किंवा पाय मोडला की उपासमार ठरलेली. त्यामुळे मांजर आपल्यापेक्षा खूपच लहान जीव निवडतं: उंदीर, चिचुंद्री, पाल, सरडा, लहान पक्षी. दिवसातून अनेकदा असे लहान लहान घास खाणं हीच त्याच्या पोटाची रीत आहे. आपल्याकडचं मांजर तीन-चार किलोचं असतं, गावठी कोंबडी सव्वा ते दीड किलोची, कोंबडा दोन किलोपर्यंत. आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा, पंख झोडपणारा, टोचणारा प्राणी पकडणं मांजराला परवडत नाही. त्याचा चावा मानेच्या मणक्यांमध्ये सुळे रुतवण्याचा असतो. उंदराच्या मानेला ते सुळे बरोबर बसतात. पिसांनी भरलेल्या कोंबडीच्या मानेवर ते काम कठीण होतं.

उलट नुकतंच अंड्यातून निघालेलं पिल्लू ३० ते ४० ग्रॅमचं असतं. म्हणजे मध्यम उंदराएवढंच. ते चिवचिवतं, थांबतं, पुन्हा तुरुतुरु धावतं. मांजराचे कान बारीक, उंच आवाज टिपायला बनलेले आहेत आणि त्याचे डोळे झटकन होणाऱ्या हालचालीवर खिळतात. पिल्लाला पाहून मांजर दुष्ट होत नाही. त्याच्या शरीरात जी कळ आहे, ती पिल्लाने नेमकी दाबलेली असते. पोट भरलेलं असलं तरी ती कळ दाबली जाते. मांजराच्या शिकारीवर आयुष्यभर काम केलेले जर्मन शास्त्रज्ञ पाउल लायहाउझेन यांनी हे दाखवून दिलं आहे, की मांजराची भूक आणि शिकारीची ओढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भूक ती ओढ वाढवते, पण भूक भागली म्हणून ओढ संपत नाही. "एवढं दूध पाजतो तरी पिल्लावर गेलं" ही तक्रार म्हणूनच मांजराला लागू पडत नाही.

आता कोंबडीकडे येऊ. हिची बाजू कुणी नीट मांडत नाही. भित्र्या माणसाला इंग्रजीत कोंबडीच्या काळजाचा म्हणतात, आणि ज्याने पिल्लांची आई जवळून पाहिली आहे त्याला ते कधीच पटणार नाही.

एका परसातलं दृश्य सांगतो. मागच्या दारी न्हाणीघराचं पाणी जिथे जातं तिथे अळूचा वाफा होता. कोंबडी पिल्लं घेऊन तिथे माती उकरत होती. गडग्यावर घरचा बोका बसलेला. त्याने शेपटीचं टोक हलवलं, पोट टेकवलं, आणि गडग्यावरून उतरून अळूच्या पानांआड आला. कोंबडीने मान वर केली. तिचा एक डोळा त्याच्याकडे, दुसरा पिल्लांकडे. कोंबडीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि मान न वळवता तिला सुमारे तीनशे अंशांचा परिसर दिसतो. तिने तुटक, खणखणीत कट्-कट्-कटाक सुरू केलं. पिल्लं तिच्या मागे गोळा झाली. बोका थांबला नाही. मग तिची सगळी पिसं उभी राहिली, पंख जमिनीला लागले, ती होती त्याच्या दीडपट दिसू लागली, आणि सरळ त्याच्या तोंडावर धावली. पहिली चोच नाकावर बसली. बोका उलटा फिरला, गडगा चढला आणि पुढचा पंजा चाटत बसला. कोंबडी बराच वेळ तिथेच उभी राहून ओरडत होती. पुढे त्या परसात मी अनेकदा गेलो. त्या कोंबडीच्या वाटेतून बोका बाजूला होताना मी पाहिला आहे. नाकावरची एक चोच मांजर विसरत नाही.

तो कट्-कट्-कटाक नुसता आरडाओरडा नव्हता. क्रिस्तोफर एव्हान्स, लिंडा एव्हान्स आणि पीटर मार्लर यांनी १९९३ साली याचे प्रयोग प्रसिद्ध केले. कोंबड्याला वरून घारीसारखी आकृती दाखवली तर तो एक लांब, बारीक आवाज काढतो. जमिनीवरचा शिकारी दाखवला तर तुटक, मोठा आवाज काढतो. त्यांनी हे आवाज ध्वनिमुद्रित केले आणि कोणताही शत्रू समोर नसताना कोंबड्यांना ऐकवले. पहिला आवाज ऐकून कोंबड्या आडोशाला पळाल्या, दबून बसल्या आणि वर पाहू लागल्या. दुसरा ऐकून त्या मान उंच करून उभ्या राहिल्या आणि आजूबाजूला पाहू लागल्या. म्हणजे 'घार आली' आणि 'मांजर आलं' हे त्या वेगवेगळं सांगतात, आणि ऐकणारीला ते समजतं. आता मांजराच्या बाजूने विचार करा. त्याची शिकार दबा धरण्यावर अवलंबून असते. सगळ्या परसाला त्याचं नाव पुकारून झालं की दबा संपला. म्हणून बरेचदा मांजर हल्ला न करताच उठून जातं, आणि आपल्याला वाटतं की त्याला कोंबडीत रस नाही.

मांजराचं कोंबडीशी वागणं जन्मजात किती आणि शिकलेलं किती, हा पुढचा प्रश्न. इथे मला एका चिनी शास्त्रज्ञाचं नाव आदराने घ्यायचं आहे: झिंग-यांग कुओ. त्यांनी १९३० साली मांजर आणि उंदीर यांच्यावरचा आपला प्रयोग प्रसिद्ध केला. मांजराच्या रक्तातच उंदीर मारणं आहे असं तेव्हा सगळेच धरून चालत. कुओंनी मांजराची पिल्लं तीन प्रकारे वाढवली. काही पिल्लांना आई उंदीर मारताना दिसत होती. त्या २१ पैकी १८ पिल्लांनी पुढे उंदीर मारले. काही एकटी वाढवली, त्या २० पैकी ९ जणांनी मारले. काही पिल्लं उंदराबरोबर एकाच पिंजऱ्यात वाढली, आणि त्या १८ पैकी फक्त ३ पिल्लांनी उंदीर मारले. या आकड्यांत दोन्ही गोष्टी आहेत. एकटं वाढलेलं, कुणी काही न शिकवलेलं मांजरही जवळजवळ निम्म्या वेळा मारतं, म्हणजे ओढ आतून आहे. आणि सोबत वाढलेलं मांजर क्वचितच मारतं, म्हणजे ती ओढ कुठे वळायची हे बालपणी ठरतं. त्यातही त्या तिघांना विसरू नका. पिल्लं राखताना त्या तिघांचाच हिशेब धरायचा असतो.

मांजराचं हे बालपण फार लहान असतं. साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात ते कुणाला आपलं म्हणायचं ते शिकतं. माणसाच्या हाताची सवय याच काळात लागते, कुत्र्याची याच काळात, कोंबडीचीही याच काळात. आपल्याकडे मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते असं म्हणतात. फिरवता फिरवता ती गोठ्यात किंवा लाकडांच्या आडोशाला येऊन राहिली, तर पिल्लांची शाळा कोंबड्यांमध्येच भरते. महिना-दीड महिन्याचं पिल्लू ताटलीतल्या माशाच्या डोक्याला तोंड लावतं. तेवढ्यात एखादी कोंबडी ताठ मानेने येते, त्याच्या कपाळावर एक टोचा देते आणि मासा घेऊन चालू लागते. पिल्लू पायरीखाली जाऊन बसतं. कोंबड्यांमध्ये आपापसात टोचण्याची एक उतरंड असते. नॉर्वेच्या थॉर्लाइफ शेल्डरूप-एब्बे यांनी ती १९२०च्या दशकाच्या सुरुवातीलाच नोंदवली होती. आपल्या परसात मांजराच्या पिल्लालाही जणू याच उतरंडीत तळाची जागा मिळते. ते मोठं होतं, अंगात ताकद येते, पण कोंबडी दिसली की वाट सोडायची हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. म्हणून माझा सल्ला असायचा, की कोंबड्या असलेल्या घराने मांजर आणायचंच तर कोंबड्या असलेल्याच घरातून आणावं. मोठं झाल्यावर शहरातल्या बंद घरातून आलेल्या मांजरावर अनेक महिने विश्वास टाकू नये.

इथपर्यंत जे सांगितलं ते आपल्या आजी-पणजीच्या परसाबद्दल खरं आहे. तिथे गावठी कोंबडी खुडूक व्हायची, टोपलीत भाताचं तूस घालून तिच्याखाली अंडी ठेवायची, २१ दिवसांनी पिल्लं निघायची आणि ती त्यांना घेऊन फिरायची. पिल्लांना संरक्षण होतं, कारण आई होती. आज परस बदललं आहे. २०१९च्या पशुगणनेत देशात परसातल्या कोंबड्या सुमारे ३१ कोटी ७० लाख निघाल्या, आधीच्या गणनेपेक्षा जवळजवळ ४६ टक्क्यांनी जास्त. ही आनंदाची गोष्ट आहे. गरिबाच्या घरात अंडं आलं, बाईच्या हातात पैसा आला. पण यातली पुष्कळ पिल्लं अंडी उबवण्याच्या यंत्रातून निघालेली असतात. वनराज, गिरिराज अशा सुधारित जाती अंडी आणि वजन वाढवण्यासाठी तयार केल्या आहेत. खुडूक बसणं त्यांच्यातून जवळजवळ गेलेलं आहे, कारण खुडूक कोंबडी अंडी घालायची थांबते. एक दिवसाचं पिल्लू खोक्यातून येतं. त्याला आई नाही. 'मांजर आलं' हे सांगणारं कुणी नाही. ते पंखाखाली शिरायला जागा शोधतं आणि त्याला पिवळा बल्ब मिळतो.

त्या बल्बकडे मांजराच्या नजरेने पाहा. पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३५ अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला ती दोन-तीन अंशांनी कमी करायची असते. म्हणून पडवीच्या कोपऱ्यात खोकं ठेवतात, वर बल्ब टांगतात आणि रात्री पिल्लं गारठू नयेत म्हणून एखादं पोतं टाकतात. उबदार कोपरा, उघडं तोंड आणि आत चाळीस-पन्नास जीव रात्रभर चिवचिवत आहेत. शेजारच्या वाडीतलं मांजरही तिथे येईल. अशा ठिकाणी एका रात्रीत अनेक पिल्लं गेली की लोक म्हणतात, मांजर माजलं. मी म्हणतो, आईची जागा रिकामी होती आणि ती कुणी भरली नाही.

ती भरायला फार पैसे लागत नाहीत. खोक्याला वरूनसुद्धा अर्ध्या इंचाची जाळी हवी आणि ती खिळ्यांनी ठोकलेली हवी. नुसती ठेवलेली जाळी मांजर पंजाने सरकवतं. मोठ्या भोकांची जाळी मोठ्या कोंबडीसाठी ठीक असते, पण मांजराचा पंजा तिच्यातून आत जातो आणि लहान पिल्लू बाहेर येतं. दिवसा बाहेर सोडायची तर आपलं बांबूचं डालगं आहेच, त्यावर दगड ठेवावा. आणि ज्यांना एवढी राखण शक्य नाही त्यांनी एक दिवसाची पिल्लं घेऊच नयेत. आपल्या राज्याच्या पशुसंवर्धन खात्याच्या योजनेत ८ ते १० आठवड्यांच्या तलंगा मिळतात, २५ माद्या आणि ३ नर असा गट असतो. तोपर्यंत तलंगेचं वजन अर्ध्या किलोच्या वर गेलेलं असतं, पिसं आलेली असतात, ती मांजराला टोचा देऊ शकते. मांजराच्या घरात पक्षी आणायचे तर या वयाचे आणावेत, असं मी प्रत्येकाला सांगत आलो.

दुसरी जागा म्हणजे रात्र. दिवसा तीनशे अंशांचं बघणारी कोंबडी अंधारात जवळजवळ आंधळी असते. दांडीवर बसली की कुणी उचललं तरी ओरडण्यापलीकडे काही करू शकत नाही. मांजराला मात्र माणसाला लागतो त्याच्या सुमारे सहाव्या हिश्शाएवढा उजेड पुरतो. त्यामुळे खुराडं सूर्य मावळताना बंद झालंच पाहिजे. खरं तर रात्री घरच्या मांजराची भीती कमीच असते. मोठी कोंबडी रात्री गेली तर मी आधी खुराड्याच्या फळ्या आणि भोवतालची माती बघतो. बाऊल म्हणजे आपलं रानमांजर, उदमांजर, जवादी, कोल्हा, मोकाट कुत्री, सगळे या वाटेने येतात. देशावर उसाच्या फडांच्या कडेला वाघाटीही येते. ही जगातल्या सगळ्यात लहान रानमांजरांपैकी एक, दीड किलोच्या आतबाहेर वजन, पण कोंबडी नेण्याची धमक असलेली. अंडी गेली तर मांजरावर आळ घेऊच नये. अख्खं अंडं फोडणं मांजराला सहसा जमत नाही, फुटलेलं असेल तर ते चाटतं. मुंगुसांच्या काही जाती अंडं मागच्या पायांमधून दगडावर आपटून फोडतात. साप ते अख्खं गिळतो. जिथे टरफलही उरत नाही तिथे मांजराला शोधत बसण्यात अर्थ नाही.

मांजर परसात असण्याचा कोंबड्यांना फायदा आहे का? आहे. कोंबड्यांच्या खाद्यामागे उंदीर येतात. उंदीर पिल्लांचे पाय कुरतडतात, अंडी नेतात, खाद्य मुतून नासवतात आणि आपल्या कोकणात लेप्टोस्पायरोसिस पसरवतात. उंदरांमागे साप येतात. हे खरं, की मांजर मोठ्या घुशीला सहसा हात लावत नाही. न्यूयॉर्कमधल्या एका पाहणीत, जी २०१८ साली प्रसिद्ध झाली, मोकाट मांजरांनी ७९ दिवसांत मोठे उंदीर मारले फक्त २. पण मांजरं दिसली त्या दिवशी उंदीर उघड्यावर कमी आले आणि बिळाकडे जास्त वळले. म्हणजे मांजर मोठ्या उंदराला मारतं कमी, दबवतं जास्त. पिल्लांच्या खोक्यापाशी तेवढंही पुष्कळ आहे.

आता आजारांबद्दल. मांजरामुळे कोंबड्यांना मानमोडी येते असा काही ठिकाणी समज आहे, तो सोडून द्या. मानमोडी हा पक्ष्यांचा विषाणूजन्य रोग आहे, त्याला लस हेच उत्तर. पण उलट दिशेने, कोंबडीकडून मांजराकडे जाणारा एक धोका गेल्या काही वर्षांत फार गंभीर झाला आहे. आपल्या देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला. तेव्हा आपण फक्त कोंबड्यांचा विचार केला. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात ३ वाघ आणि १ बिबट्या मरण पावले आणि तपासणीत बर्ड फ्लूचा एच-५-एन-१ विषाणू निघाला. २०२५च्या सुरुवातीला मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात घरच्या मांजरांमध्ये तोच विषाणू आढळला. वाघ आणि मांजर एकाच कुळातले आहेत, आणि या विषाणूपुढे ते कुळ फार दुबळं आहे. म्हणून कोंबडी कापल्यावर डोकं, पाय, आतडी कच्ची मांजरापुढे टाकण्याची आपली पद्धत बंद करा. उकळून द्या, खुशाल द्या. परसातली कोंबडी अचानक मेली तर ती मांजराच्या तोंडी लागू देऊ नका, उघड्या हाताने उचलू नका, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

मांजराकडून कोंबडीकडे जातो तो टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी. मांजराच्या विष्ठेतून त्याची अंडी मातीत येतात, एक ते पाच दिवसांत ती लागण करण्याजोगी होतात आणि माती उकरणाऱ्या कोंबडीच्या पोटात जातात. कोंबडी सहसा आजारी पडत नाही. काळजी घ्यायची ती घरातल्या गरोदर बाईची: तिने मांजराची घाण उपसू नये, मातीकाम केल्यावर हात साबणाने धुवावेत, आणि मटण-कोंबडी पूर्ण शिजवून खावी. एवढ्यासाठी मांजर हाकलायची गरज नाही.

औषधांबद्दल मात्र मला जोर देऊन सांगायचं आहे. कोंबडीच्या डोळ्यांभोवती, तुऱ्यावर काळ्या ठिपक्यांसारख्या चिकटून बसलेल्या पिसवा तुम्ही पाहिल्या असतील. त्याच पिसवा मांजराच्या कानाच्या कडेला बसतात. एकीवर औषध केलं आणि दुसऱ्यावर केलं नाही तर उपयोग होत नाही, हे बरोबर आहे. पण म्हणून कोंबड्यांवर आणि खुराड्यात मारायचं परमेथ्रिन मांजरावर मारू नका. कोंबडीला, कुत्र्याला ते चालतं. मांजराचं यकृत ते मोडू शकत नाही. मांजर थरथरायला लागतं, झटके येतात आणि उपचार लवकर मिळाला नाही तर मरतं. खुराड्यात फवारा मारला तर तो सुकेपर्यंत मांजराला तिकडे फिरकू देऊ नका. उंदरांच्या औषधाचंही तेच. विष खाल्लेला उंदीर मंद होतो आणि मांजराला सहज सापडतो. घरात मांजर असताना विष ठेवणं म्हणजे उंदरावरचा उपाय मांजरावर करणं.

खाण्याबद्दल थोडं. आपल्याकडे मांजर म्हणजे दूध-भात, दूध-पोळी. मांजर पूर्ण मांसाहारी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याला मांसातून, माशातूनच मिळतो आणि तो कमी पडला तर डोळे आणि हृदय बिघडतं. इंग्लंडच्या नैऋत्य भागातल्या ३५५ मांजरांवर केलेला एक अभ्यास २०२१ साली आला. ज्यांच्या खाण्यात मांसाची प्रथिनं भरपूर होती, त्या मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी कमी झाली. ज्यांच्याशी घरची माणसं रोज पाच-दहा मिनिटं पीस किंवा दोरी हलवून खेळली, त्यांची २५ टक्क्यांनी. दूध-भातावरचं मांजर परसात मांस शोधणारच. त्याला उकडलेली मासळी, बांगड्याचं डोकं, पेडवे द्या. आणि पिलावळ वाढू देऊ नका. अंगावर पिल्लं असलेली मांजरी सगळ्यात जास्त शिकार करते, कारण ती स्वतःसाठी मारते आणि पिल्लांना शिकवण्यासाठी घरी आणते. तिची शस्त्रक्रिया करून घेणं हा कोंबडीच्या पिल्लांसाठीही उपाय आहे.

नवं मांजर आणि जुन्या कोंबड्या यांची ओळख करायची तर घाई नको. आधी कोंबड्या जाळीआड, मांजर बाहेर. मांजर टक लावून, अंग दाबून बसत असेल तोवर जाळी उघडू नये. ते कोंबड्यांकडे पाठ करून झोपू लागलं की समजावं, त्याने त्यांना सामानात धरलं. मग दिवसाउजेडी, पोट भरल्यावर, तुमच्यादेखत सोडावं. पहिली चोच खाऊ द्यावी. तिथे मध्ये पडू नये. डोळ्याला लागेल एवढं भांडण झालं तरच हात घालावा.

आणि आता ज्यासाठी मी उभा राहिलो ते सांगतो. पिल्लू गेलं म्हणून मांजर गोणीत घालून सोडायला नेऊ नका. अनोळखी गावात सोडलेल्या मांजराला तिथली कुत्री आणि तिथले बोके जगू देत नाहीत. आणि तुमच्या घरी रिकामी झालेली जागा महिन्याभरात दुसरा बोका घेतो. त्याला तुमच्या कोंबडीची चोच माहीत नसते, त्याच्याशी तह पहिल्यापासून करावा लागतो आणि तोवर आणखी पिल्लं जातात. पाळलेलं जनावर उपासमार होईल अशा ठिकाणी विनाकारण सोडून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे, हेही आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. पावसाळ्यापूर्वी पिल्लं आणणार असाल तर या आठवड्यातच अर्ध्या इंचाची जाळी आणि जुनं डालगं बाहेर काढा, खुराड्याची कडी नीट लागते का ते पाहा, आणि घरात व्यालेली मांजरी असेल तर जवळच्या दवाखान्यात तिच्या शस्त्रक्रियेची वेळ घेऊन ठेवा.